डोळ्यांनी तोललेली नळी

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या वरिष्ठांना थोबाडमास्तर म्हणत, अर्थात पाठीमागे. अकरा वर्षांत मी त्यांच्या सात थोबाडीत खाल्ल्या. "डोळ्यांनी तोलतोस, गाढवा? काटा काय शोभेला ठेवलाय?" आणि सण्णकन एक.

त्यांचं काम रक्त फिरवायचं. पेशी अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर टाकतात, त्यांना एक्सोसोम म्हणतात. शरीरात सूज कुठे पेटलीय, कशाने पेटलीय, याची खबर त्यांत असते. त्या वेगळ्या काढायच्या तर नळ्या मिनिटाला साठ हजार फेऱ्यांनी गरगरवाव्या लागतात, आणि समोरासमोरच्या दोन नळ्या वजनाने तंतोतंत सारख्या लागतात. तरुणपणी एका सोबत्याने ते पाहिलं नाही, मशीन फुटलं आणि मास्तरांची दोन बोटं गेली. मारण्याचा परवाना त्यांनी तिथूनच काढला होता. मला त्यांचा संताप यायचा आणि त्यांचं पटायचंही, तेच जास्त झोंबायचं.

मग त्यांच्याच लेकीचं रक्त आलं. आतड्याला सूज, रोज शौचावाटे रक्त. निरोगी पेशींचे एक्सोसोम देऊन अशी सूज उतरवण्याचा एक प्रयोग चालू होता. त्यात घ्यायचं की नाही, हे इतर औषधं सुरू होण्याआधीच्या रक्ताचा अहवाल बघून ठरायचं. तिची औषधं कालच सुरू झाली होती आणि आधीचं रक्त एवढंच, एक नळी. अहवाल नाही तर प्रयोगात जागा नाही, जागा नाही तर आतड्यावर सुरी.

मास्तरांचे हात थरथरत होते. टेबल हलायचं आणि काट्यावरचा आकडा काही ठरेना. तीनदा वजन करून पाहिलं, चौथ्यांदा शिवी हासडून त्यांनी काटाच उचलला आणि भिंतीवर आपटला. मग नळी डोळ्यांसमोर धरली. तिच्यात रक्तद्रवाखाली, पिशव्या अलगद बसाव्यात म्हणून, साखरेचं दाट, जड पाणी होतं. समोरच्या नळीत त्यांनी साधं पाणी भरलं आणि उंची जुळवली. उंची जुळली म्हणून वजन कसं जुळेल? मला ते दिसलं. मी तोंड उघडलं, गाल आठवला आणि मिटलं.

वीस मिनिटांनी मशीन फुटलं. झाकण उडून छतात घुसलं, कपाटाच्या काचा खळ्ळकन खाली आल्या आणि पोलादाचा एक तुकडा माझ्या खांद्यात रुतला. धूर ओसरला तेव्हा मास्तर गुडघ्यांवर बसून फरशीवरचे रक्तद्रवाचे पिवळट शिंतोडे बोटांनी गोळा करत होते. त्यात माझं लाल रक्त मिसळत होतं.

"तुला दिसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या हाताला भिऊन."

ते उठले. मला वाटलं, आली आठवी. पण त्यांनी गाल पुढे केला. "मार."

मी मारली. जीव खाऊन, सातही एकदम वसूल केल्या. त्यांचा ओठ फाटला. मला बरं वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं.

आठवड्याने लेकीचं आतडं कापलं. बाहेरच्या बाकावर मी मास्तरांशेजारी बसलो होतो, खांद्याला पट्टी. डॉक्टर बाहेर आले. "मुलगी शुद्धीवर येतेय. चाळीस सेंटिमीटर आतडं काढावं लागलं."

मास्तरांनी मान वर केली.

"त्याचं वजन काट्यावर किती भरलं?"