थंडीतलं बाळंतपण

चौऱ्याण्णव साली नवीन पनवेलच्या त्या सोसायटीत नोटीस लागली. सांडपाण्याची वर्षभराची पट्टी डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मीटरवरून ठरणार. थंडीत बागेला फारसं पाणी लागत नाही, म्हणजे घरात येतं तेवढं गटारात जातं, असा हिशेब. बाकीचे वाचून विसरले. अवधूतरावांनी ती उतरवून घेतली.

तीस वर्षं कचेरीत नियम पाळलेला माणूस. निवृत्तीनंतर पाळायला एवढाच उरला होता. आंघोळीला अर्धी बादली, तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी. रोज सकाळी मीटर बघायचे आणि आकडा फारसा हलला नसला की दिवसभर खुशीत. धन्य तो माणूस! बायको अरुंधतीबाई निमूट सोसायच्या.

त्याच डिसेंबरात लेक अनुया नेऱ्याच्या सासरहून बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं ते काय? अरुंधतीबाईंनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. अवधूतराव त्या ढिगाकडे बघत राहिले.

"एवढं रोज धुवायचं? शिवाय बाळाचं न्हाणं, तुझं न्हाणं. अनू, तू मार्चात ये ना. जानेवारीतलं पाणी वर्षभर नडतं गं."

अनुया हसली. तिला थट्टा वाटली. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ती नेऱ्याला परत गेली.

अरुंधतीबाई भांडल्या नाहीत. दुपटी पिशवीत भरून व्याह्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. लेकीचं बाळंतपण परक्या घरात करताना त्या लाजेनं अर्ध्या झाल्या, पण मार्चापर्यंत तिथेच राहिल्या.

इकडे एकट्याच्या घरात मीटर जेमतेम हलत होतं. मार्चात पट्टी ठरली ती सगळ्या सोसायटीत सर्वांत कमी. सेक्रेटरींनी हात मिळवला. अवधूतराव त्याच खुशीत नेऱ्याला गेले.

विहीणबाई हौसाबाईंनी अंगणात पाय धुवायला बादली दिली. "घ्या बिनधास. आमच्या विहिरीला मीटर नाय." टोमणा होता की साधेपणा, कोण जाणे.

अनुया बाळाला घेऊन दारात आली.

"चल अनू, तुझ्या आईलाही घे. आता हवं तेवढं पाणी वापरा!"

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "बाळंतपण झालं माझं. आता कशाला येऊ?"