हिरवी चिंधी

कुरखेड्याकडच्या त्या शाळेत माझी सकाळ धुरानं सुरू व्हायची. हिवताप आमच्याकडे घरोघरचा, आणि वर्गात डासांचा नुसता सुळसुळाट. म्हणून मुलं यायच्या आधी मी फुटक्या मडक्याच्या खापरात गोवरी पेटवायची, वर कडुलिंबाचा पाला टाकायची आणि खिडक्या लावून घ्यायची. कौलांच्या फटींतून ऊन आत यायचं, धुरात त्याच्या लांब निळसर तिरिपा उभ्या राहायच्या. मुलं त्यांत हात घालून बसायची. मला वाटायचं, अख्खी शाळा पाण्याखाली आहे आणि आम्ही सगळे सावकाश पोहतोय. त्या धुनीचं मला वेड होतं, हे कबूल करायला हवं.

मागच्या हिवाळ्यात एका संस्थेची माणसं हवा मोजणारी डबी देऊन गेली. कळ दाबली की दिवा लागायचा: हवा चांगली असली की हिरवा, मधली असली की पिवळा, वाईट असली की लाल. प्रार्थनेनंतर दिवा पाहायचा आणि त्या रंगाची चिंधी दाराच्या खिळ्याला बांधायची. चौथीतल्या एका मुलीनं हे काम हट्टानं मागून घेतलं. तिला सारखा खोकला, म्हणून ती दारापाशीच बसायची. मी हजेरी घेईपर्यंत तिचं काम उरकलेलं असायचं.

रोज हिरवी चिंधी. मी तर हरखूनच गेले. खोकल्याच्या काळजीनं तिची आई शाळेत आली, तेव्हा मी ऐटीत तिला ती चिंधी दाखवली. म्हटलं, ‘‘शाळेची हवा स्वच्छ आहे. तुमची चूल बघा.’’ दुसऱ्या दिवसापासून त्या बिचारीनं चूल अंगणात मांडली आणि भर थंडीत उघड्यावर रांधू लागली.

खोकला काही हटला नाही. महिन्याभरानं तिची आई पुन्हा आली.

‘‘बाई, शाळेत आली का जास्तच खोकलते. आता घरीच ठेवतो तिले. शाळा बंद.’’

दुसऱ्या दिवशी दारापाशी तिची जागा रिकामी होती. फळीवरची डबी मीच खाली काढली, कळ दाबली. लाल दिवा! बिघडली असेल म्हणून झटकून पाहिली, तरी लाल. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘बाई, ते पोरगी रोज डबी भायेर पडवीत नेऊन पाहे. भायेर हिरवा येते.’’

सगळ्यांना ठाऊक होतं. एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. मायलेकी अंगणातल्या चुलीपाशी बसल्या होत्या. ‘‘काऊन केलं असं?’’ मी मुलीला विचारलं.

तिनं मान वर केली नाही. ‘‘तुमी आमच्यासाठी सकारीच येऊन धुनी करता. लाल बांधली असती त तुमाले वाईट वाटलं असतं.’’

मला रडूच कोसळलं. धूर तुमच्या चुलीचा नव्हता, माझा होता, असं मी तिच्या आईला सांगून टाकलं. आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

‘‘म्हणजे मी इतके दिवस फुकटच काकडली का, बाई?’’

मग तीच पुढे म्हणाली, ‘‘उद्या पाठवतो. पण धुनी नाई पाहिजे.’’

खापर मी उकिरड्यावर टाकलं. मुलांनी घरून जुन्या मच्छरदाण्या आणल्या, उघड्या खिडक्यांवर ताणून बांधल्या. तिरिपा गेल्या. ऊन आता साधंच यायचं, आणि खरं सांगते, मला त्यांची फार आठवण यायची.

ती मुलगी आली. या वेळी डबी तिनं वर्गातच पाहिली. मग हातात चिंध्या घेऊन कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली.

‘‘बाई, पिवळाच आला.’’

‘‘मग पिवळीच बांध,’’ मी म्हटलं.