अकरा माणसांची उंची

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी त्या अर्जाचा आवक क्रमांक मला पाठ आहे. खून आणि दरोड्यांचे क्रमांक विसरलो, हा तेवढा राहिला.

मी नांदेडकडच्या एका गावचा. दहावीला दोनदा बसलो, दुसऱ्यांदा इंग्रजीत काठावर सुटलो आणि शाळा तिथेच संपली. शिपाई म्हणून लागलो, सहायक उपनिरीक्षक म्हणून बाहेर पडलो. भिवंडीत पहिल्यांदा उतरलो तेव्हा पेटीत दोन गणवेश होते आणि आईने नाव कोरून दिलेली स्टीलची थाळी. खाणावळीत थाळ्यांची अदलाबदल होते, आपली ओळखता यावी म्हणून. तेव्हापासून कुठेही जेवायला बसलो की थाळी उलटी करून नाव वाचायची मला खोड लागली.

अर्ज आला तेव्हा नोकरीची दोनच वर्षे उरली होती. अर्जदार शेलार गावाच्या बाजूचे एक यंत्रमाग कारखानदार. तक्रार एका डॉक्टर बाईंविरुद्ध. त्या मुंबईत संशोधन करायच्या. सात वर्षांपूर्वी याच शेठच्या कारखान्यात शिबिर घेऊन त्यांनी कामगारांना यंत्रात फुंकायला लावून फुफ्फुसे तपासली होती आणि फॉर्मवर अंगठे घेतले होते. कापसाच्या धुळीने दम कसा कमी होतो, यावरचा त्यांचा लेख परदेशातल्या मासिकात छापून आला. त्याच लेखाच्या आधारे आता कारखान्यांना धूळ ओढणारे पंखे बसवायच्या नोटिसा निघाल्या होत्या. शेठचे म्हणणे, तपासलेली माणसे बोगस आहेत. शिबिराच्या यादीतल्या अकरा कामगारांची प्रतिज्ञापत्रे त्यांनी जोडली होती. सगळ्यांचा मजकूर एकच, की आम्ही कुठल्याही यंत्रात कधी फुंकलेले नाही. सोबत बाईंच्या आजवरच्या सगळ्या लेखांची यादी आणि कुठल्या लेखाचा किती जणांनी संदर्भ घेतला त्याचे आकडे. सगळे इंग्रजीत. बाई खोट्या माणसांवर मोठ्या झाल्या, असे शेठला त्यातून दाखवायचे होते.

ती यादी घेऊन मी घाबरतच मोठ्या साहेबांकडे गेलो. म्हणालो, हे माझ्या कुवतीबाहेरचे आहे, एखाद्या पदवीधर अधिकाऱ्याकडे द्या. साहेबांनी फाईलमधून मान वर न करता विचारले, "अकरा माणसं खरं बोलतात की खोटं, हे इंग्रजीत ठरणार आहे का?"

अर्ज माझ्याकडेच राहिला. त्या दिवशी मला साहेबांचा राग आला होता. आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

अकरा जणांना वेगवेगळे बसवून जबाब घेतले. प्रश्न तेच, क्रम बदलून. खोटे बोलणारा माणूस न विचारलेला तपशील सांगतो, हा माझा अनुभव. हे सगळे दोन शब्दांत उत्तर देत होते. एकाने फक्त एवढे विचारले की किती वेळ लागेल, लूम बंद आहे. ते खरे बोलत होते, याबद्दल मला शंका राहिली नाही. म्हणजे तपासणीच्या फॉर्मवरचे अंगठे दुसऱ्या कोणाचे तरी. बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल करावा, असा अहवाल मी मनात लिहूनही टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंना बोलावले. पन्नाशीच्या, मूळच्या अंजूरच्या. दोन पिशव्या भरून फाईली घेऊन आल्या. महिला शिपायाला शेजारी बसवून मी विचारायला लागलो. यादी त्यांच्यासमोर सरकवली आणि म्हणालो की एवढे लेख लिहायला आणि एवढे नाव व्हायला लोक काय काय करतात, ते आम्हाला ठाऊक आहे.

बाई चिडल्या नाहीत. "साहेब, यातले बाकीचे सगळे लेख खोडा. कोणाचं काही अडणार नाही. हा एक ठेवा. याच्यावर दुसऱ्यांनी आपलं काम उभं केलंय."

संदर्भ घेतला म्हणजे नक्की काय केले, हे मला कळत नव्हते, आणि तसे मी विचारले. त्यांनी शांतपणे समजावले. एकाने जे तपासून लिहिले ते दुसरा पुन्हा पहिल्यापासून तपासत बसत नाही. अमक्याने हे पाहिले आहे असे लिहितो आणि पुढे जातो. मला आमचा पंचनामा आठवला. पंच बोगस निघाला की पुढचा सगळा खटला झोपतो. इथे एका लेखाखाली परदेशातले कितीतरी लेख झोपणार होते, आणि त्यांच्याबरोबर पंख्यांच्या नोटिसाही. शेठने तीच तक्रार मासिकालाही पाठवली होती, आणि मासिकाने बाईंना महिन्याची मुदत दिली होती. तोवर पोलिसांचा निष्कर्ष कळला नाही, तर लेख मागे घेणार.

मग त्यांनी एक फॉर्म काढला. नाव, वय, उंची, किती वर्षे काम, फुंकल्याचे आकडे, खाली अंगठा. उंची कशाला, तर उंच माणसाचे फुफ्फुस मोठे असते, ती कळल्याशिवाय दम कमी की जास्त ते ठरत नाही. दोन वर्षांनी त्यांनी काही जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीन नावांची उंची बदललेली निघाली. चाळिशीतला माणूस चार बोटे वाढलेला. ते तीन त्यांनी लेखातून वगळले आणि वगळल्याचे लेखातच लिहिले. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला ती वाचून दाखवली.

मी मनात लिहिलेला अहवाल तिथे फाडला. बोगस माणूस उभा करणारा त्याची उंची जुळवून घेतो. जुळली नाही म्हणून स्वतःहून छापत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराही जणांना भिंतीला उभे करून उंची मोजली. ठाणे अंमलदार हसला, "काका, भरती निघाली काय?" एकाचीही फॉर्मशी जुळेना. अंगठे तज्ज्ञाकडे पाठवले, तेही जुळले नाहीत. म्हणजे अकरा माणसे खरी होती आणि फॉर्मवरची अकरा माणसेही खरी असावीत, पण ती वेगळी होती. कोण, हे कळेना.

ते कळले खाणावळीत. कारखान्याच्या गल्लीत एक मावशी कामगारांसाठी खाणावळ चालवायची. दुपारी तिथे बसलो होतो. नळावर एक उंच माणूस आपली थाळी घासत होता. थाळी पालथी झाली आणि सवयीने मी मागचे नाव वाचले. माझ्या अकरांपैकी एकाचे नाव. त्या नावाचा माणूस तर माझ्या खांद्याला लागत होता, आणि दोनच दिवसांपूर्वी मला सांगून मुलखाला, आपल्या गावी गेला होता.

थाळी कोणाची, म्हणून विचारले. माझीच, म्हणाला. नाव विचारले, तर थाळीवरचेच सांगितले. मावशी पदर तोंडाला लावून हसली. "अवो साहेब, तो बदलीवाला हाय. ज्याचा लूम चालवायचा, त्याचीच थाळी, त्याचंच नाव. धनी परत आला का हा जातो दुसऱ्याच्या नावावर."

शिबिर मे महिन्यात झाले होते. लग्नसराईला निम्मा कारखाना गावी गेलेला. मुकादमाने हजेरीची नावे पुकारली, बदलीवाल्यांनी रोजच्यासारखे हाजिर म्हटले, यंत्रात फुंकले आणि अंगठा दिला. ज्यांची नावे होती त्यांना याचा पत्ताच नव्हता. बाई माणसांकडे बघत होत्या, नाव मात्र मुकादमाने पुकारलेले लिहीत होत्या.

त्या उन्हाळ्यात कोणाच्या थाळीत कोण जेवले, हे मावशीला जवळजवळ सगळे आठवत होते. पुढचे तीन आठवडे मी साध्या कपड्यांत फिरलो. गणवेश दिसला की बदलीवाले मागच्या दाराने जात. त्यांना गुन्ह्याची भीती नव्हती, हातातला लूम जाईल याची होती. फॉर्मवरच्या अकरातले सात सापडले. पंचांसमोर उंची घेतली, जुळली. अंगठे जुळले. पंखा बसायला हवा होता तो यांच्यासाठीच.

सातवा गणेशपुरीत सापडला. एका लॉजवर चादरी धूत होता. लूमवर उभे राहवत नाही म्हणाला, दहा पावलांत दम लागतो. जबाबाला बसवून नाव विचारले. त्याने आधी कारखान्यातलेच नाव सांगितले. मग थांबला, खाली बघितले आणि स्वतःचे सांगितले.

"लिखोगे ना, साहब?"

मी लिहिले आणि त्याला वाचून दाखवले. मग तो एवढेच म्हणाला, "नाम उसका था. साँस तो अपनी थी."

शेवटी शेठना बोलावले. बदलीची पद्धत तुम्हाला माहीत नव्हती का, असे विचारले. शेठ आरामात म्हणाले, "साहेब, लूम चालला पाहिजे. नाव कोणाचं का असेना." मी ते वाक्य त्यांच्या जबाबात जसेच्या तसे उतरवले, वाचून दाखवले आणि सही घेतली. सही करताना त्यांचा चेहरा उतरला.

मुदत संपायला तीन दिवस असताना माझा अहवाल गेला. गुन्हा घडलेला नाही, अर्ज दप्तरी दाखल. बाईंनी मासिकाला स्वतःची चूक कळवली, की नावांची खातरजमा मी केली नाही. न सापडलेले चौघे वगळून त्यांनी सगळे पुन्हा मांडले. निष्कर्ष तोच राहिला. लेख दुरुस्तीसह टिकला, आणि पुढे त्याचा संदर्भ घेणाऱ्यांना दुरुस्तीचाही घ्यावा लागला. बाईंनी ते मला फोन करून सांगितले.

पण मला झोप लागू न देणारी गोष्ट दुसरीच होती. बाईंनी चूक केली ती एका शिबिरात. मी यंत्रमागाच्या गल्ल्यांत तीस वर्षे जबाब घेतले. नाव, वय, राहणार, धंदा. नाव लिहून झाले की मान खाली ती खालीच. त्यातली किती नावे समोर बसलेल्या माणसाची होती, कोण जाणे. उरलेल्या दोन वर्षांत मी नाव विचारल्यावर पेन खाली ठेवायचो आणि आधी माणसाकडे बघायचो. तरुण शिपाई कुजबुजायचे की काकांना उशीर होतो. व्हायचाच.

या लिखाणात मी कोणाचेही नाव दिलेले नाही. गणेशपुरीच्या त्या माणसाचे नाव ठाण्याच्या दप्तरात आहे, त्याच्या स्वतःच्या अंगठ्याच्या वर, माझ्या अक्षरात.