तिच्या बॅगेतला डबा

दुकानाच्या काचेतून आतलं काहीही दिसता कामा नये, असा तिथला नियम होता. मी आयुष्यभर दुकानं सजवत आलो आणि माझा सगळा धंदा काचेवर उभा. रस्त्यावरून जाणारा माणूस थबकला पाहिजे, आत शिरला पाहिजे, यासाठीच लोक आम्हाला पैसे देतात. आणि कॅनडातला हा क्लायंट सांगत होता की काच दुधी करा, बाहेर चित्र नको, पानाची आकृती नको, लहान मुलांना आवडेल असा एकही रंग नको. जे काही करायचं ते दाराच्या आत.

दुकान गांजाचं होतं. तिकडे तो नुकताच कायदेशीर झाला होता. आमचं ऑफिस सिंगापुरात, आंग मो किओच्या एका औद्योगिक इमारतीत. दागिन्यांची, चहाची, चष्म्यांची दुकानं आम्ही केली होती. हे काम आलं तेव्हा कंपनीने वकिलाला विचारलं. नकाशे, दिवे, फर्निचर यात बेकायदेशीर काही नाही, असं तो म्हणाला. तरी सिंगापुरात गांजा आणणाऱ्याला फाशी होते, त्यामुळे ऑफिसात तो शब्द कुणी उच्चारत नसे. आम्ही त्याला ‘हर्बल’ म्हणायचो. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर मी चहाचं दुकान सांगायचो आणि विषय बदलायचो.

बायकोला मात्र खरं माहीत होतं. ती एकदाच बोलली. “तिकडे दुकान, इकडे फाशी. आणि तू मधे बसून दिवे लावतोयस.”

मी हसलो. दिवे लावायचं काम खरं तर माझं नव्हतंच, ते माझ्या सहकारी बाईंचं. मूळच्या नाशिकच्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, प्रकाशयोजनेत हुशार. नवरा आणि पाच वर्षांची मुलगी सेंगकांग उपनगरातल्या फ्लॅटमध्ये. एम्प्लॉयमेंट पासवर होत्या, म्हणजे नोकरीवर आणि सरकारच्या मर्जीवर. मला ‘सर’ म्हणायच्या, पण जीभ तिखट होती. ऑफिसात आम्ही नमुन्याचं दुकान उभं केलं, तेव्हा गिऱ्हाइकाने मालाचा वास घ्यायच्या बरण्यांत भरायला काहीतरी हवं होतं. मी घरून कसुरी मेथी आणली. झाकणाच्या भोकांना नाक लावून त्या म्हणाल्या, “सर, इथे शिरल्यावर पनीरची भाजी मागवावीशी वाटते.”

गंमत जाऊ दे, पण ते काम मी मन लावून केलं, हे लपवण्यात अर्थ नाही. क्लायंटने सांगितलं होतं की नवे ग्राहक बहुतेक पन्नाशीपुढचे असतील. गुडघे दुखणारे, झोप न येणारे, आणि आपल्याला शेजाऱ्याने पाहिलं तर काय, या काळजीत असलेले. म्हणून आम्ही उंच काउंटर काढून टाकला आणि जेवणाच्या टेबलाएवढं बुटकं लांब टेबल ठेवलं. विकणारा आणि घेणारा एकाच बाजूला बसतील असं. भिंतींना लोकरीचा जाड नमदा लावला, म्हणजे एकाचा प्रश्न दुसऱ्याला ऐकू जाऊ नये. दिवा माणसाच्या चेहऱ्यावर न पडता हातावर पडेल, हे बाईंचं डोकं. ज्या वस्तूचं नाव मी माझ्या मुलीसमोर घेत नव्हतो, तिच्याभोवती मी अनोळखी लोकांसाठी घरपण रचत होतो. इथल्या पेपरात कुणाच्या फाशीची बातमी आली की मी पान उलटायचो.

उद्घाटनाला आम्ही दोघं कॅल्गरीला गेलो. दिवाळी तोंडावर होती. बायकोने दुकानातल्या लोकांसाठी कडीच्या स्टीलच्या डब्यात फराळ दिला होता. बेसनाचे लाडू, चकल्या, शेव. दुकानाचा मॅनेजर हा दाढीवाला, धिप्पाड, मोकळा माणूस होता. त्याने उभ्या उभ्या लाडू संपवले.

त्या आठवड्यात दुकानात आम्ही दोन कार्यक्रम बसवले. एक प्रश्नांची संध्याकाळ. त्या वेळात विक्री बंद, फक्त खुर्च्या आणि चहा, ज्याला जे विचारायचं ते विचारावं. एका आजींनी विचारलं, मुलाला कसं सांगू? त्यावर कुणी हसलं नाही, आणि मला आमच्या नमद्याचा अभिमान वाटला. दुसरा कार्यक्रम रिकाम्या डब्यांचा. तिकडे थोड्याशा मालाला प्लॅस्टिकचा मोठा डबा लागतो, लोक त्या कचऱ्यावर चिडले होते. मी सुचवलं, रिकामे डबे परत आणायची एक दुपार ठेवू. आणि मग मी मॅनेजरला आपली रीत सांगितली. आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून देतात.

त्याला ते फार आवडलं. फुकट माल द्यायला कायद्याने बंदी होती, म्हणून डबा आणणाऱ्याला गरम सुपाचा वाडगा द्यायचं ठरलं. लोक सूप पीत तासन्‌तास बसले. मॅनेजर प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, ही यांच्या देशातली रीत.

शेवटच्या संध्याकाळी त्याने बायकोचा डबा कड्या लावून मला परत दिला आणि खांद्यावर थाप मारून म्हणाला, “घरी गेल्यावरच उघड. तुमचाच रिवाज.” मी तेव्हा फोनवर बोलत होतो. मान हलवली आणि डबा स्वेटरमध्ये गुंडाळून सुटकेसमध्ये टाकला.

विमानतळावर माझी बॅग वजनाला जास्त भरली. आतमध्ये दिव्यांचे आणि टेबलाच्या लाकडाचे नमुने होते. बाई म्हणाल्या, “द्या तो डबा इकडे. वहिनींचा डबा हरवला तर घरात घेणार नाहीत तुम्हाला.” त्यांनी तो स्वेटरसकट आपल्या बॅगेत बसवला. काउंटरवरच्या मुलीने नेहमीप्रमाणे विचारलं, बॅग तुम्ही स्वतःच भरली ना? बाई हो म्हणाल्या. बॅगा थेट सिंगापूरलाच मिळणार होत्या.

विमान वर गेल्यावर बराच वेळाने त्या सहज म्हणाल्या, “सर, डबा रिकामा नव्हता बरं का. ठेवताना आत काहीतरी सरकलं. चकल्या उरल्यात वाटतं.”

चकल्या उरल्या नव्हत्या. रिकामा डबा मी स्वतः विसळून दुकानात ठेवला होता.

मला मॅनेजरची थाप आठवली, त्याचे शब्द आठवले. हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. तो माणूस गांजाच्या दुकानात काम करत होता आणि मीच त्याला सांगितलं होतं की घरात असेल ते घालून डबा परत द्यावा. त्याला बिचाऱ्याला सिंगापूर म्हणजे काय हे माहीत असेल? मी कधी बोललो होतो? नव्हतो बोललो. मला लाज वाटायची, म्हणून तो विषय मी तिकडेही टाळला होता.

“काय झालं? बरं नाही का वाटत?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. झोप आली.”

टोकियोला विमान बदलायचं होतं. मी फोन घेऊन खांबाआड उभा राहिलो. डब्यात काय घातलंस, एवढंच मॅनेजरला विचारायचं होतं. लिहिलं आणि पुसलं. हाच मेसेज उद्या कुणी माझ्या फोनमध्ये वाचला तर? शेवटी लिहिलं, “डब्याबद्दल आभार. आत काय आहे?” उत्तर आलं नाही. तिकडे लोक झोपले असणार.

बाई समोरच्या बाकावर बसून मुलीशी व्हिडिओवर बोलत होत्या. मुलीसाठी घेतलेला बिस्किटांचा डबा कॅमेऱ्यासमोर नाचवत होत्या. पलीकडून सिंगापुरी इंग्रजीत आवाज आला, “आई, come back faster lah!”

“येते गं बाई, विमान काय मी चालवते?”

मी तिथेच सांगायला हवं होतं. विमान कंपनीला सांगून बॅग थांबवता आली असती. जपानातही गांजा बेकायदेशीरच, पण निदान बाईंना काय करायचं ते त्यांना ठरवता आलं असतं. मी स्वतःला समजावलं की त्यांना न सांगण्यातच त्यांचा बचाव आहे. माहीत नसलेला माणूस निर्दोष असतो. पण सिंगापुरात ज्याच्या बॅगेत सापडतं त्यालाच आधी धरतात, माहीत नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं असतं. हे मला ठाऊक होतं. मी तरी गप्प बसलो. त्या बिस्किटं दाखवून परत आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या मुलीला काही घेतलं नाहीत?” मी नाही म्हणालो.

पुढच्या विमानात माझ्या शेजारी एक म्हातारे पर्यटक होते. त्यांनी सिंगापुरात शिरायचं कार्ड भरायला माझ्याकडे पेन मागितलं. कार्डावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की मादक पदार्थांची तस्करी करणाऱ्याला इथे देहदंड आहे. आम्हाला, इथे राहणाऱ्यांना, ते कार्ड भरावं लागत नाही. ती लाल ओळ मी विसरूनच गेलो होतो. आजोबा सावकाश लिहीत होते आणि माझी नजर तिथून हटत नव्हती. पलीकडे बाई तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर बॅगांच्या पट्ट्याशी उभे राहिलो. माझी बॅग आधी आली. खरं सांगतो, ती उचलून सरळ चालू लागावं असं मनात आलं. मग त्यांची निळी बॅग आली आणि त्यांनी हात पुढे केला. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “थांबा. डब्यात काय आहे मला माहीत नाही. त्याने काहीतरी घातलंय.”

“कोणी?”

“मॅनेजरने.”

त्यांना कळायला क्षण लागला. मग त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. “सर, चेष्टा करताय ना?”

“आत्ताच लक्षात आलं,” मी म्हणालो.

त्या ओरडल्या नाहीत. बॅग पट्ट्यावरून फिरत पुढे गेली, तिच्याकडे बघत राहिल्या. “बाहेर माझी पोरगी उभी आहे,” एवढंच म्हणाल्या. बॅग पुन्हा समोर आली तेव्हा त्यांनीच ती उचलली. मी हात लावायला गेलो तर म्हणाल्या, “हात लावू नका.” आणि लाल फाट्याकडे, जिथे सामान जाहीर करायचं असतं तिथे, माझ्या पुढे चालत गेल्या.

पुढचं सगळं एका छोट्या खोलीत झालं. एक शांत, मध्यमवयीन अधिकारी बाई आणि तिचा सहकारी. हातमोजे घालून त्यांनी स्वेटर उलगडला, कड्या काढल्या. आत बटर पेपरमध्ये गुंडाळलेले तपकिरी चौकोन होते. चिकट, जाड, बर्फीच्या वड्यांसारखे. आम्ही कुठून आलो, कसलं दुकान, हे ऐकल्यावर त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वड्या तपासायला नेल्या. आमच्या दोघांच्याही लघवीच्या तपासण्या झाल्या. फोन काढून घेतले. बाईंच्या फोनवर नवऱ्याचे कॉल येत होते आणि तो टेबलावर थरथरत सरकत होता. उचलायची परवानगी नव्हती.

मग माझा फोन वाजला. मॅनेजर उठला होता. अधिकारी बाईने मेसेज मोठ्याने वाचला. “माझ्या आईने केलेली फज! तुमच्या बायकोच्या लाडवांच्या बदल्यात. आवडली का?”

फज म्हणजे तिकडची बर्फी. मी डोळे मिटले. अधिकारी बाईचा चेहरा बदलला नाही. तिने मेसेजची वेळ पाहिली, वर सरकवून माझा मेसेज वाचला आणि शांतपणे विचारलं, “डब्यात काही असेल अशी शंका तुम्हाला कधी आली?”

बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. ‘आत्ताच लक्षात आलं’ हे वाक्य आमच्या दोघांत अजून ताजं होतं. मला खोटं बोलता आलं असतं असंही नाही, मेसेज अधिकारी बाईच्या हातात होता.

“टोकियोच्या आधी,” मी म्हणालो. “विमानात.”

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

तपासणीत साखर, लोणी आणि दूध निघालं. आम्ही दोघंही निर्दोष. अधिकारी बाईने डबा, स्वेटर, उरलेल्या वड्या सगळं परत दिलं, आणि पुढच्या वेळी आपली बॅग फक्त आपणच भरा, असं बाईंना सांगितलं. त्या “थँक यू मॅडम” म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता.

बाहेर पडायच्या काचेच्या दाराशी त्या थांबल्या. पलीकडे नवरा दिसत होता, त्याच्या खांद्यावर मुलगी झोपली होती. त्यांनी माझी वाट अडवून मला विचारलं, “एकच सांगा. डबा तुमच्या बॅगेत असता तर इथे आल्यावर काय केलं असतंत?”

निदान एवढ्याला खरं उत्तर द्यावं असं वाटलं. “बॅग उचललीच नसती,” मी म्हणालो. “पट्ट्यावर सोडून घरी गेलो असतो.”

त्यांनी मान डोलावली, जणू त्यांनाही हेच ऐकायचं होतं. “आणि माझी मी उचलणार होते,” त्या म्हणाल्या, “ते तुम्ही बघत उभे होतात.”

मग त्या दारातून बाहेर गेल्या. नवऱ्याने काहीतरी विचारलं, त्यांनी मुलीला त्याच्या खांद्यावरून आपल्याकडे घेतलं आणि मागे वळून न बघता टॅक्सीच्या रांगेकडे निघाल्या. मी दाराच्या आतच थांबलो. त्यांची टॅक्सी सुटेपर्यंत त्यांच्या मागे रांगेत उभं राहण्याचं माझ्यात धाडस नव्हतं.