आमच्या ट्रकचा चोक

एका ट्रकवर चार-पाच वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते ग्रीससारखे अंगाला चिकटतात. कोरेगावात आम्ही तिघं आजही भेटलो की चहा गार होतो, बोलणं संपत नाही.

तिघं म्हणजे ट्रकचे मालक नाना, मिलिटरीतून पेन्शनीत आलेले ड्रायव्हर सर्जेराव आणि मालाची चढउतार बघणारा मी. साल एकाहत्तरच्या आसपासचं. ट्रक मिलिटरीच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा. डॅशबोर्डवर चोकचं काळं बटण. इंजिन गार असलं की ते ओढायचं, म्हणजे हवा कमी अन् पेट्रोल जास्त. इंजिन तापेल तसं हळूहळू आत ढकलायचं. लवकर ढकललं तर गाडी बंद, विसरलं तर काळा धूर! त्यामुळं केबिनमध्ये कुणी स्वस्थ म्हणून बसायचं नाही.

* * *

नानांना तर मुळातच दम नव्हता. एकदा सर्जेराव तापानं घरी पडले, म्हणून लोणंदचा कांदा आणायला नाना स्वतः स्टिअरिंगवर बसले.

मी म्हटलं, "नाना, अजून दोन मिनिटं चोक राहू द्या."

"आरं, तापली की!" म्हणत त्यांनी बटण आत ठोकलं. गाडी दोनदा खोकली आणि रेल्वे फाटकात बरोबर रुळांवर बंद पडली!

गेटमन लाल झेंडी घेऊन धावत आला. "आवं, गाडी येतीया!"

नाना स्टार्टर मारत ओरडले, "आमची कुटं येतीया!"

फाटकाशी थांबलेल्या दहा-बारा जणांनी ढकलून ट्रक पलीकडं काढला. मागनं मालगाडी धडधडत गेली. नाना रस्त्याकडेच्या दगडावर जे बसले, ते अर्धा तास उठलेच नाहीत. तेवढ्यात इंजिन पुन्हा गार झालं!

* * *

एकदा आटपाडीकडं लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. नवरदेवाचे मामा म्हणजे एका शाळेचे हेडमास्तर. मानानं केबिनमध्ये बसले आणि हातातली जड पिशवी समोरच्या बटणाला अडकवून झोपी गेले. सर्जेरावांनी थोड्या वेळानं चोक ढकलला होता, पण पिशवीच्या हिसक्यानं तो परत बाहेर! उन्हात वळणावळणाचा रस्ता, सगळ्यांचं लक्ष पुढं.

मांडवात पोचलो तर मागं बसलेलं निम्मं वऱ्हाड काजळलेलं. पांढऱ्या टोप्या काळ्या, नवरदेवाचे दातच तेवढे पांढरे!

मास्तर खाली उतरले, भाच्याकडं बघितलं आणि सर्जेरावांना म्हणाले, "काय हो, गाडीची काही देखभाल करता की नाही?"

सर्जेरावांनी गुपचूप पिशवी काढून त्यांच्या हातात दिली.

* * *

माझंही डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. घरीही कान इंजिनकडंच. एका सकाळी बायको स्टोव्हला पंप मारत होती. स्टोव्ह फडफडला, भडकला. मी दाढी करता करता ओरडलो, "चोक आत घे!"

ती शांतपणे म्हणाली, "आवं, ह्यो स्टोव्ह हाय. आन् मी सर्जेराव न्हाई."

* * *

आता शेवटचा. हा सांगताना सर्जेराव अजून बिडी विझवतात.

थंडीचे दिवस. विट्याजवळच्या एका वस्तीवर पहाटे माल भरायला गेलो होतो. उजाडताना रामभाऊ नावाचा शेतकरी धावत आला. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि अडली होती. "सर्जेराव, सांगली गाठा, न्हाईतर पोर जाती माझी!"

तिला मागं गवतावर निजवलं, शेजारी तिची आई. सर्जेरावांनी चोक ओढला आणि तार तुटून बटण हातात आलं! गार इंजिन चोकशिवाय धरेना. कुणीतरी मडगार्डवर बसून कार्बोरेटरचं हवा ओढणारं तोंड हातानं झाकायचं, एवढाच उपाय.

बघ्यांतून एकजण पुढं झाला आणि मडगार्डवर चढला. म्हादू, रामभाऊचा धाकटा भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

बॉनेटची बाजू काढून ठेवली. इंजिनच्या आवाजात सर्जेरावांचं म्हादूला ऐकू जाईना. खिडकीशी रामभाऊ. त्यानं एकदा सर्जेरावांकडं बघितलं, मग मान बाहेर काढली.

"झाक!"

गाडी हलली.

"सोड! ... झाक गड्या, झाक!"

तीन-चार मैलांवर इंजिन तापलं. सर्जेरावांनी थांबून म्हादूला आत बोलावलं. तो म्हणाला, "परत बंद पडली तर? चला तुमी." आणि सांगलीपर्यंत तसाच बाहेर बसून राहिला.

दवाखान्यात दोघं भाऊ एका बाकाच्या दोन टोकांना. मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. ऊन चढल्यावर नर्स बाहेर आली. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

रामभाऊ उठून बाहेर गेला. परतला तो दोन कप चहा घेऊन. एक म्हादूपुढं धरला. म्हादूला तो धरता येईना. पेट्रोलनं आणि वाऱ्यानं हात पांढरे पडले होते, बोटं मिटत नव्हती.

रामभाऊनं चहा बशीत ओतला, फुंकला आणि बशी त्याच्या तोंडाला लावली.

म्हादू म्हणाला, "साखर लय हाय."

"पी गुमान."