पंपिंग नॉर्मल

“मले काई दम-बिम लागत नाही, मॅडम,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “सून आल्यापासून त पाण्याचा गुंडही उचलत नाही मी.”

तिथेच मला शंका आली. नातवंडांनो, सौंसरच्या माझ्या दवाखान्यात बीपीचे पेशंट रोज येतात. दम लागतो का, हे मी प्रत्येकाला विचारते. पण इकडे सून आली की सासू घरकाम सोडते. पाण्याचा हंडाही न उचलता दिवसभर ओसरीवर बसलेल्या बाईला दम लागणार कधी?

मी त्यांना जिना चढायला लावला. वर पोचल्यावर त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. बोलता येईना.

नागपूरला पाठवून इको करवला. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. रिपोर्ट आणि आईला घेऊन त्यांचा मुलगा महेश आला, लोधीखेड्याचा संत्रावाला.

“पंपिंग नॉर्मल लिहिलं आहे. मंग टेन्शन काहून देऊन राहिल्या, मॅडम?”

“खालची ओळ वाच.”

हृदय आवळून रक्त ढकलतं, मग सैल होऊन पुन्हा भरतं. ढकलणं म्हणजे पंपिंग. बीपी वाढलेलं राहिलं की हृदयाची भिंत जाड होते आणि आधी बिघडतं ते सैल होणं. पंपिंग पुढे बराच काळ चांगलं दिसतं. खालच्या ओळीत हेच लिहिलं होतं. ही सुरुवात होती. रोजची गोळी, कमी मीठ, एवढ्यावर सांभाळता आलं असतं.

महेश गाडी काढायला गेला. शकुंतलाबाई खुर्ची ओढून जवळ आल्या.

“रोज गोळी खाल्ली त लोक म्हणतीन, सून आली अन् सासू बिमार पडली. पोरीचा पायगुण काढतीन.”

“मग कोणाला न दाखवता घ्या.”

“घरात काय लपते, बाप्पा? तिलेच मागा लागन पाणी.”

“मी बोलते तिच्याशी.”

“नका बोलू. तुमाले माही शपथ.”

मी महेशला दोनदा फोन केला. “घेऊन राहिली आई,” तो म्हणाला. “अन् रिपोर्ट त नॉर्मलच होता ना?”

संत्र्याची तोडणी संपता संपता शकुंतलाबाईंना जीपमध्ये बसवून आणलं. आडवं होता येत नव्हतं, फुप्फुसात पाणी भरलं होतं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्सने नागपूरला पाठवलं. वाटेत, सावनेरच्या अलीकडेच त्या गेल्या. गोळ्यांची पाकिटं नंतर धान्याच्या कोठीमागे सापडली, न फोडलेली.

मी भेटायला गेले तेव्हा अंगणात बायका बोलत होत्या. “पोरगी घरात आली अन् वर्ष नाही झालं.”

“बीपीने गेल्या त्या,” मी मोठ्याने म्हटलं. “हृदय आधीपासून बिघडत होतं.”

त्यांनी माना हलवल्या. मला खुर्ची दिली, चहा दिला. कोपऱ्यात बसलेल्या सुनेला कोणी पाणीही विचारलं नाही.

तुमच्या बाबाचंही बीपी वाढलेलं असतं. त्याला सांगा, इको करून घे. आणि रिपोर्ट आला की पंपिंगच्या ओळीवर थांबू नकोस.