एकोणतीस गुणांची लबाडी

आमच्या घणसोलीच्या घरात हॉलच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे आणि त्यावर एकच प्रोग्राम चालतो, पत्रिका जुळवायचा. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, एक मित्र होते, गणिताचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी तो लिहिला, आबांना भेट दिला आणि मूळ कोड कुठे ठेवलाय हे न सांगता वारले. आबांचा त्यावर कुठल्याही भटजीपेक्षा जास्त विश्वास. ते मशीन समोरच्याचं तोंड बघून बोलत नाही, असं ते सांगतात. साताऱ्याहून येऊन सगळी हयात मार्केटात, तोंड बघून बोलणाऱ्यांत काढल्यावर माणूस असा होतो.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीने दिवाळे कोळीवाड्यातला मुलगा पसंत केला. घरची बोट, स्वतः नोकरीला, आणि हिला साधी कोलंबी सोलता येत नाही हे माहीत असूनही लग्नाला तयार. आबांनी जातीचा विषय काढला नाही. पत्रिका जुळली तर माझी ना नाही, एवढंच म्हणाले. हुशार माणूस, नाही म्हणायचं काम मशीनवर ढकलून मोकळा झाला. मुलाची आई भेटायला आली तेव्हा जन्मवेळ थोडी पुढेमागे होते का, हे मी हळूच चाचपून पाहिलं. तिने पिशवीतून कागदच काढला.

"धा चाळीस. दवाखान्याचा कागद हाय, लिवलंय त्यात."

छत्तीसपैकी अठरा तरी गुण हवेत. मी तो प्रोग्राम गुपचूप माझ्या लॅपटॉपवर घेतला, दोघांची माहिती घातली, तर अकरा. बहीण बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली, आणि मला मास्तरांचा, मशीनचा आणि आबांचा एकदमच राग आला.

आता थोडं माझ्या धंद्याचं, म्हणजे प्रोग्रामिंगचं, सांगते. प्रोग्राम स्वतःच्या हाताने फारसं काही करत नाही. कीबोर्डवरचं वाचायचं असो की पडद्यावर लिहायचं असो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करावी लागते. हा सिस्टिम कॉल. घरात दोघांचा अबोला असला की निरोप तिसऱ्याच्या तोंडून जातात, तसंच हे. त्या तिसऱ्याला मनात आलं तर काय काय करता येतं, हे आई-आबांच्या अबोल्यांत मी लहानपणीच शिकले होते. तर प्रोग्राम सुरू झाला की त्याच्याच मेमरीत मी बसणार. आबांनी मुलाची वेळ टाइप केली की "वाच" ही विनंती अडवणार आणि आतल्या गणिताला दुपारचे १५:४० सांगणार. तेवढ्या वेळात रास बदलत होती आणि गुण होत होते एकोणतीस. टाइप केलेलं पडद्यावर उमटतं ते प्रोग्रामकडून नव्हे, टर्मिनलकडून, म्हणजे प्रोग्राम ज्या खिडकीत चालतो तिच्याकडून, त्यामुळे आबांना संशय यायचं कारण नव्हतं. शेवटी तक्ता येताना "लिही" ही विनंतीही अडवायची आणि १५:४० जिथे येईल तिथे १०:४० घालायचं. दोन्हींत अक्षरांची संख्या सारखीच, त्यामुळे तक्त्याची ओळसुद्धा हलणार नव्हती. आणि मास्तरांच्या फाईलला बोटही लागत नव्हतं, म्हणजे त्यांचा मानही राखला, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ठरवलं तेवढं सोपं गेलं नाही. आधी मी "वाच" नावाच्या फंक्शनच्या, म्हणजे ती विनंती करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, जागी त्याच नावाचं माझं फंक्शन बसवलं. पण प्रोग्राम ज्या लायब्ररीमार्फत, म्हणजे तयार कोडच्या गाठोड्यामार्फत, वाचत होता, ती आतल्या आत, नाव न घेताच सिस्टिमला हाक मारत होती, आणि माझ्या फंक्शनपर्यंत काही आलंच नाही, मी दारात उभी राहिले. मग ती हाक मारणारी मशीनची सूचनाच मेमरीत शोधली आणि तिच्या जागी माझ्याकडे वळणारी उडी घातली. जमलं. एवढी खूश झाले की आत काय चाललंय ते बघायला एक ओळ छापायला सांगितली. छापणं म्हणजे पुन्हा "लिही", ते पुन्हा माझ्याकडे, मी पुन्हा छापणार. मी मलाच निरोप देत राहिले आणि प्रोग्राम कोसळला. ऑफिसात नवीन मुलांना मी नेमकी हीच चूक न करण्याबद्दल लेक्चर देते.

रविवारी सकाळी आबा दूध आणायला गेले, तेवढ्यात मी सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवून टाकलं. दहाच्या सुमाराला आबा अंघोळ करून खुर्चीत बसले. आई मेथी निवडत होती, बहीण नखं खात होती आणि मी पेपर वाचायचं नाटक करत होते. आबांनी एका बोटाने सगळं टाइप केलं. तक्ता आला, एकोणतीस. आई हात जोडून उठली, बहीण फोन घेऊन गॅलरीत पळाली.

आबा मात्र हलले नाहीत. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मी आठ चाळीस टाकलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याला बावीस येतात. परवा तू ऑफिसात होतीस तेव्हा करून बघितलंय मी. मग इथं दहा चाळीस कुठनं आलं?"

पडद्यावर वर त्यांनी टाकलेले ०८:४० स्वच्छ दिसत होते आणि खाली तक्त्यात माझे १०:४०. टाइप झालेलीच वेळ परत छापायला हवी होती. मी १०:४० ठोकून दिलं होतं, कारण आबा खरी सोडून दुसरी वेळ टाकतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला हसू आवरेना. आठ चाळीस का टाकलं, असं मीही उलट विचारलं. तेही हसले, अगदी थोडे. मग मशीन बंद केलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तुझ्या वेळी मी खरी वेळ टाकली होती," ते म्हणाले. "तेरा आले. तू नुसतं बरं म्हणालीस, भांडली पण नाहीस."

माझं हसू गेलं. त्याला आता बारा वर्षं होऊन गेली होती आणि इतक्या वर्षांत आम्ही त्या मुलाचा विषय एकदाही काढला नव्हता.

"तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही खोटी टाकाल," मी म्हणाले.